गुरुवार वगळून

आमची कंपनी गाड्या बनवत नसे, गाड्यांची जीभ बनवत असे. हे वाक्य आमच्या जाहिरातप्रमुखांचं. ते त्यांना इतकं आवडलं होतं की त्यांनी ते लिफ्टमध्येही चिकटवलं होतं. आपोआप चालणाऱ्या गाड्यांमध्ये आम्ही तयार केलेली वहीएवढी पेटी बसवलेली असायची, आणि ती सेकंदाला दहा वेळा आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांना सांगत राहायची: मी इथे आहे, इतक्या वेगाने चालले आहे, आता डावीकडे वळते, आता ब्रेक लावते. हे ऐकून बाकीच्या गाड्या सावध व्हायच्या. न ऐकवून चालायचं नाही, म्हणून हा सगळा संवाद उघड्यावरच असायचा. साधा रिसीव्हर असला की तो कुणालाही ऐकता यायचा.

दिवसभर ‘मी इथे आहे’ म्हणून ओरडत फिरणाऱ्या गाडीच्या मालकाचा माग कुणीही काढू शकेल, एवढी अक्कल आमच्या मोठ्या साहेबांनाही होती. म्हणून त्यांनी तोड काढली होती. गाडी स्वतःचं खरं नाव कधीच सांगायची नाही. ती एक खोटं नाव घ्यायची आणि पाच मिनिटांनी ते टाकून दुसरं घ्यायची. ‘दर पाच मिनिटांनी नवा जन्म’ असं साहेब व्यासपीठावरून सांगत, आणि त्यानंतर क्षणभर थांबत, कारण तिथे टाळ्या पडतात हे त्यांना ठाऊक होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत असे.

मी चाचणी विभागात होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर ज्या बाई बसत त्यांना सगळे पाठीमागे मास्तरीण म्हणत. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या, आणि ती सवय सुटली नव्हती. कुणाचाही अहवाल हातात पडला की त्या लाल पेनाने तपासूनच परत करायच्या. एकदा त्यांनी साहेबांच्याच पत्रकात ‘संपूर्ण’ या शब्दाखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, ‘कशावरून?’ त्या वर्षी त्यांची बढती राहिली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा रेघ मारली.

एके दिवशी ग्राहक विभागातून त्यांच्या टेबलावर एक पत्र आलं. कोपऱ्यात शिक्का होता: ‘उत्तर दिले. तांत्रिक सहीनंतर निकाली काढावे.’ सही करायची आणि पुढे सरकवायचं, एवढंच काम. बाईंनी मात्र पत्र वाचलं. वाचणं हा त्यांचा दोषच होता.

पत्र घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या एका नर्सचं होतं. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिने घर बदललं होतं, पत्ता फक्त आईला दिला होता. तिसऱ्याच दिवशी तो नव्या घराच्या फाटकाशी उभा होता. म्हणाला, ‘तू लपशील, तुझी गाडी थोडीच लपते?’ त्यानंतर ती ज्या ज्या रुग्णाकडे जाई तिथे तो बाहेर दिसायचा. तिने विचारलं होतं की आमची पेटी काढून टाकता येईल का.

खाली आमच्या ग्राहक विभागाचं उत्तर जोडलं होतं. आपली काळजी आम्ही समजू शकतो. आमच्या यंत्रणेत दर पाच मिनिटांनी नाव बदलत असल्याने आपण म्हणता तसे घडणे शक्य नाही. पेटी काढणे कायद्याने गुन्हा आहे. आपण पत्ता एखाद्या परिचिताला सांगितला आहे का, हे कृपया तपासावे. शेवटी हसऱ्या गाडीचं चित्र.

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

“ही बाई खोटं बोलते आहे असं आपण तिला कळवलंय,” त्या म्हणाल्या. “आणि खाली चित्र काढलंय.”

“सही करून टाका,” मी म्हणालो. “ग्राहक विभागाशी कोण डोकं लावणार?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघतात. पत्रावर सही झाली नाही.

सोमवारच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. लांबलचक टेबलाच्या टोकाला मोठे साहेब, उजव्या हाताला जाहिरातप्रमुख, मग हुद्द्याच्या उतरत्या क्रमाने सगळे, आणि दाराजवळ आम्ही.

“साहेब, नाव बदलतं हे खरं,” बाई म्हणाल्या. “पण जागा बदलत नाही. समजा मोकळ्या रस्त्यावरून एक माणूस चाललाय. तुमच्यादेखत त्याने लाल टोपी काढून निळी घातली. तर तो दुसरा माणूस होतो का? शिवाय आपली गाडी प्रत्येक निरोपात स्वतःची लांबी-रुंदी सांगते. टोप्या बदलल्या तरी उंची तीच.”

जाहिरातप्रमुख हसले. साहेब हसायच्या आधी ते नेहमी हसत, म्हणजे साहेबांना सोपं जायचं.

“बाई, शाळा सुटून बरीच वर्षं झाली,” साहेब म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, ते इथे नोंदवून ठेवतो. मग साहेबांना जोर चढला. “असं करू. माझीच गाडी घ्या. दोन आठवडे. मी कुठे जातो, कुठे थांबतो, शोधून दाखवा. सापडलो तर पुढचं बोलू. नाही सापडलो तर तुम्ही त्या पत्रावर मुकाट सही करायची.”

“हे लिहून घेतलंत?” बाईंनी इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलीला विचारलं. तिने घाबरून मान हलवली.

खरं तर त्या खोलीत बसलेल्या निम्म्या लोकांना बाईंचं म्हणणं बरोबर आहे हे माहीत होतं. आम्ही ते जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना कित्येकदा सांगितलं होतं. पण जेवणाच्या सुट्टीतलं शहाणपण बैठकीच्या खोलीत न्यायची आमच्यात पद्धत नव्हती.

भंगारात काढलेले तीन रिसीव्हर बाईंनी रीतसर अर्ज करून मिळवले. एक आमच्या खिडकीत ठेवला, फाटकावर रोखून. दुसरा त्यांच्या सासूबाईंच्या खिडकीत, कारण ती मोठ्या चौकावर उघडत होती. तिसरा पुलाजवळच्या लाँड्रीत. ती त्यांच्या नणंदेची होती. रिसीव्हर लावायला मी मदतीला गेलो होतो.

सासूबाईंनी रिसीव्हरकडे आणि माझ्याकडे सारख्याच संशयाने पाहिलं. “हे डबडं काय करतं, सूनबाई?”

“येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मोजतं, आई.”

“त्याला डबडं कशाला? मी दिवसभर इथेच तर असते. समोरच्या इमारतीतला दाढीवाला आठवड्यातून तीनदा ऑफिसला म्हणून निघतो आणि कोपऱ्यावर गाडी लावून झोपा काढतो. बायकोला पत्ता नाही.”

“मग सांगितलंत का तिला?”

“मी कशाला सांगू?” सासूबाई म्हणाल्या. “दिसलं म्हणून काय बोलायचं असतं का सगळं?”

बाई क्षणभर थबकल्या, मग वायर खिडकीच्या फटीतून बाहेर सोडायच्या कामाला लागल्या.

साहेब दुसऱ्याच दिवशी सापडले. त्यांची गाडी खास लांबीची होती, तशा शहरात जेमतेम वीसएक असतील. नावं बदलायची, पण चौकातून गेलेली लांबी पुलावर बरोबर चार मिनिटांनी हजर व्हायची. आठवड्याच्या शेवटी बाईंच्या भिंतीवरच्या नकाशात साहेबांचा दिनक्रम उमटला होता. रोज सकाळी ते ऑफिसच्या मागच्या गल्लीत वीस मिनिटं नुसते गाडीत बसून राहत आणि मग घाईघाईने, फार कामात असल्यासारखे, आत येत. ‘सायकलने फिरतो’ म्हणून ज्या टेकडीचे फोटो ते सगळ्यांना दाखवत, तिथे त्यांची गाडी थेट वरपर्यंत जाई. मला हे सगळं फार गोड लागत होतं. बाई मात्र निर्विकारपणे आकडे टिपून घेत होत्या.

फक्त गुरुवार जुळत नव्हता. गुरुवारी दुपारी तीनला साहेब ‘कारखान्याची पाहणी’ असं फळ्यावर लिहून निघत. कारखाना चौकाच्या पलीकडे होता. गाडी मात्र पूल ओलांडून डावीकडे वळली आणि आमच्या ऐकण्याबाहेर गेली. सव्वाचारला परत पुलावर.

दुसऱ्या गुरुवारी, आणखी एक अर्ज करून मिळवलेला चौथा रिसीव्हर कापडी पिशवीत घालून बाई पुलापलीकडच्या बसथांब्यावर जाऊन बसल्या. मी सोबत होतो. पिशवीतून आलेली वायर त्यांच्या मांडीवरच्या छोट्या पडद्याला जोडली होती. त्यावर गाड्यांचे ठिपके सरकत होते, प्रत्येकाच्या डोक्यावर आकडे-अक्षरांचं खोटं नाव.

तीन वाजून अकरा मिनिटांनी तो लांबोडका ठिपका आला. त्याच क्षणी आमच्यासमोरून साहेबांची करडी गाडी गेली, आणि अगदी डोळ्यांदेखत पडद्यावरचं नाव बदललं.

“झाला नवा जन्म,” बाई म्हणाल्या.

ठिपका दोनशे मीटरवर एका गल्लीत जाऊन थांबला. आम्ही चालत गेलो. झाडांमागे दुमजली इमारत होती, आवारात ती करडी गाडी, आणि फाटकावर साधी पाटी: ‘विस्मरणाच्या आजारांची तपासणी व उपचार. वेळ घेऊन यावे.’ खिडकीतून आतली बाकं मांडलेली खोली दिसत होती. साहेब पाठमोरे बसले होते. त्यांच्या शेजारी त्यांची पत्नी होती. तिच्या हातात कागद होता, ती त्यावरचं काहीतरी विचारत होती, आणि साहेब बोटं मोडत आठवायचा प्रयत्न करत होते.

बाई तिथल्या तिथे वळल्या. मी जरा मागे रेंगाळलो, हे खरं. त्यांनी माझी बाही धरून मला ओढलं.

थांब्यावर परत आल्यावर मी म्हणालो, “आता बघा कसा वठणीवर येतो. सगळ्यांसमोर पाटी वाचून दाखवा. खुर्ची जाईल त्याची.”

“त्या सोमवारी तुम्ही त्यांच्या विनोदावर हसला होतात,” बाई म्हणाल्या.

मी थांब्यावरचं बसचं वेळापत्रक वाचू लागलो.

“त्या नर्सच्या नवऱ्याने नेमकं हेच केलं,” त्या म्हणाल्या. “असाच कुठेतरी बसला असेल, मांडीवर पडदा घेऊन. आणि त्यालाही असंच वाटलं असेल, की बघ कशी सापडली.” त्यांनी वायर गुंडाळून पिशवीत टाकली. “मला खात्री करायची होती की हे करता येतं. येतं. आता मला हात धुवावेसे वाटतायत.”

पुढच्या सोमवारी बैठकीची खोली भरली होती. तमाशा बघायला आमचे लोक वेळेवर येतात. बाईंनी पडद्यावर नकाशा लावला. सोमवार, मंगळवार, बुधवार. कुठली वेळ, कुठला रस्ता, कुठे किती मिनिटं. मागच्या गल्लीतली वीस मिनिटं आणि टेकडी त्यांनी ‘वैयक्तिक थांबे’ एवढं म्हणून ओलांडली. शुक्रवार. शनिवार. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळत चाललं होतं.

“एकूण अकरा दिवस,” बाई म्हणाल्या. “गुरुवार वगळून.”

“गुरुवार का वगळला?” जाहिरातप्रमुखांनी विचारलं. त्यांना वाटलं, फट सापडली. “म्हणजे गुरुवारी यंत्रणेने चकवलं की तुम्हाला. मान्य करा ना.”

“सिद्ध करायला अकरा दिवस पुरतात.”

“नाही, पण मग शास्त्रीयदृष्ट्या बघायचं तर—”

“पुरे,” साहेब म्हणाले. आवाज इतका बारीक होता की जाहिरातप्रमुखांना तो पहिल्यांदा ऐकूच गेला नाही, त्यांचं शास्त्र आणखी अर्धं वाक्य चाललं. मग साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले नाहीत, खाली ठेवला. “बैठक संपली.”

दुपारी त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं, आणि मलाही. दार लावून घेतलं.

“कोणाकोणाला माहीत आहे?” हा पहिला प्रश्न.

“आम्हा दोघांना. नकाशात ते टाकलेलं नाही. कच्च्या नोंदी मी पुसल्या.”

“आत आला होतात?”

“पाटी वाचली. खिडकीतून दिसलात, तेव्हा निघाले. तिथवर यायला नको होतं, साहेब. त्याबद्दल मी माफी मागते.”

साहेबांनी टेबलावरचा पेटीचा नमुना उचलून उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं, आता या माणसाला काहीतरी उमगणार. त्या नर्सचं पत्र मागून घेईल, वाचेल. असं वाटण्याइतका मी तेव्हाही भाबडा होतो.

“माझ्या गाडीपुरतं काय करता येईल?” साहेबांनी विचारलं.

बाईंनी एक उपाय कधीचाच लिहून ठेवला होता. गाडी सिग्नलला थांबलेली असताना, म्हणजे टकरीची भीती नसताना, पेटीने काही सेकंद गप्प बसायचं आणि मग नवं नाव घेऊन बोलायचं. लांबीही नेमकी न सांगता ढोबळ सांगायची. आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांनी एकदम असं केलं की कोण कुठला हे कळेनासं होतं. हा प्रस्ताव तीन वर्षं साहेबांच्याच कपाटात होता. त्यावर शेरा होता, ‘ग्राहकांची मागणी नाही.’

आता तो आठवडाभरात मंजूर झाला. बारा गाड्यांसाठी. साहेब, त्यांचे चार उपप्रमुख, जाहिरातप्रमुख आणि संचालक मंडळ. यादीला नाव दिलं ‘विशेष संरक्षण’. जाहिरातप्रमुखांनी आपल्या पत्नीची गाडीही त्यात घालता येईल का, असं विचारून ठेवलं.

“हे चालणार नाही,” बाईंनी लेखी कळवलं. ‘वाचले’ असा शेरा पडून कागद परत आला.

बारा गाड्या गप्प बसायला शिकल्या, त्यानंतर दोन दिवसांनी बाई आपणहून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. हातात एकच कागद होता. त्यावर बाराही गाड्यांच्या दोन दिवसांतल्या सगळ्या फेऱ्या होत्या.

“आधी तुम्हाला शोधायला लांबी मोजावी लागायची,” त्या म्हणाल्या. “आता तेही नको. सिग्नलला पन्नास गाड्या बोलतायत आणि मधेच एक गप्प झाली, की समजायचं, आपल्या साहेबांपैकी कुणीतरी आहे. माझ्या सासूबाईंनी काल पडद्यावर तुमचे तीन उपप्रमुख ओळखले. त्यांना यातलं काहीही कळत नाही.”

साहेबांचा चेहरा पडला. “मग उपाय?”

“लपायला गर्दी लागते, साहेब. तुमचा गुरुवार झाकायचा तर सगळ्यांचा गुरुवार झाकावा लागेल. त्या नर्सचाही.”

या वाक्यातल्या पहिल्या अर्ध्या भागाने काम केलं. दुसरा अर्धा त्यांच्या कानावर गेला की नाही, कोण जाणे. जे काम करायला दोन वर्षं लागतील असं आम्ही सरकारी समितीला लिहून दिलं होतं, ते सात आठवड्यांत झालं. रस्त्यावरच्या प्रत्येक पेटीला नवीन प्रणाली गेली. संचालकांना लपायला गर्दी हवी होती, म्हणून लाखो लोकांना त्यांचा खासगीपणा परत मिळाला. त्यांच्यावर उपकार करायचा कुणाचाही इरादा नव्हता.

पत्र अजून बाईंच्या खणात होतं. त्यांनी त्या नर्सला स्वतः फोन केला. मी शेजारीच बसलो होतो, पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. आता गाडीचा माग काढता येणार नाही, तुमचं म्हणणं बरोबर होतं, चूक आमची होती, असं बाईंनी सांगितलं.

“गाडी मी केव्हाच विकली,” ती म्हणाली. “आता बसने जाते. चार रुग्ण सोडावे लागले, लांब पडतात.” मग तिने विचारलं, “तुम्ही त्या उत्तर लिहिणाऱ्यांपैकी का?”

“नाही. पण त्याच इमारतीत बसते.”

“त्यांना सांगा, मी कुणाही परिचिताला पत्ता सांगितला नव्हता. फक्त आईला. आणि ते पत्र आल्यावर मी आठ दिवस आईवर संशय घेतला.”

फोन ठेवल्यावर बाईंनी खणातून पत्र काढलं. मग त्यांनी पत्रावर ‘निकाली’च्या शिक्क्यावर लाल रेघ मारली, खाली तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं आणि ग्राहक विभागाला पाठवलं. तिथून दोन दिवसांत पोचपावती आली. हसऱ्या गाडीच्या चित्रासकट.

वर्षअखेरीस कंपनीला ‘ग्राहकांच्या विश्वासासाठी’ म्हणून एक मानचिन्ह मिळालं. ते स्वीकारायला साहेब गेले. भाषण कागदावरून वाचलं, हल्ली ते सगळंच कागदावरून वाचतात. खासगीपणा हा आमच्यासाठी पहिल्या दिवसापासून श्वासासारखा आहे, असं त्यात होतं. जाहिरातप्रमुखांनी लिफ्टमधलं वाक्य बदलून ‘बोलावं कधी, गप्प बसावं कधी, हे आमच्या गाड्यांना कळतं’ असं केलं. गप्प बसण्याच्या कलेत आमच्या इमारतीतली माणसं गाड्यांच्या कितीतरी पुढे होती, पण ते त्यांनी लिहिलं नाही. बाईंचं नाव भाषणात कुठेच नव्हतं. ‘आमच्या चमूतील एका सदस्याने’ असा उल्लेख होता, आणि त्या वाक्यावर माझ्या शेजारच्याने माझी पाठ थोपटली. मी त्याचा तो गैरसमज लगेच दूर केला नाही.

समारंभाच्या दुसऱ्या सकाळी मी आलो तेव्हा बाई जमिनीवर बसलेल्या होत्या. समोर एक सुटं चाक आडवं ठेवलेलं, आणि शेजारी रिसीव्हर. चाकातली हवा कमी झाली की गाडीला कळवणारा एक छोटा सेन्सर आत बसवलेला असतो. तो आमचा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा.

“हा पण बोलतो,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक चाकाचा स्वतःचा एक नंबर आहे. मी रात्रभर चालू ठेवला होता. तो बदलतच नाही.”

“म्हणजे आपण पेटीला गप्प बसवलं आणि चाकं—”

“चारही.”

त्या उठल्या, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि सोमवारच्या बैठकीत विषय घ्यावा म्हणून अर्ज लिहायला बसल्या. मला म्हणाल्या, “या वेळी दुसरी सही तुमची. वाचून करा.”

मी वाचून घेतलं. दोनदा वाचलं. मग सही केली, आणि ती जरा वाकडी आली. बाईंनी ती पाहिली, पण लाल पेन उचललं नाही.